परदेशातून मागवलेलं हार्डवेअर सदोष निघालं तर: तक्रार कुठे, किती दिवसांत आणि कोणत्या कागदांनिशी

ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी, मिनी पीसी अशा वस्तू शेन्झेन, हाँगकाँग किंवा युरोपातल्या एखाद्या छोट्या विक्रेत्याकडून मागवणारे आता फक्त पुण्या-मुंबईत राहिलेले नाहीत. वस्तू बिघडलेली निघाली, तर पैसे परत मिळवण्याची वाट आहे, आणि ती चालतेही. तरी दावे फेटाळले जातात. माझ्या पाहण्यात फेटाळले गेलेले जे दावे आले, त्यांत वस्तू खरोखरच सदोष होती. मुदत तरी टळलेली होती, नाहीतर एखादा कागद नव्हता. म्हणून सोपे टप्पे भराभर सांगतो आणि जिथे माणसं अडकतात तिथे थांबतो.

दावा कोणाला करता येतो

पैसे कसे भरले यावर जवळजवळ सगळं ठरतं. ईबेसारखा ऑनलाइन बाजार, पेपाल ही ऑनलाइन पैसे भरण्याची सेवा, क्रेडिट किंवा डेबिट कार्ड यांपैकी काहीही वापरलं असेल, तर दाद मागायला जागा आहे. विक्रेत्याने "दहा टक्के सूट देतो, थेट बँकेत पाठवा" म्हटलं आणि तुम्ही वायर ट्रान्सफर केलं किंवा क्रिप्टो पाठवलं, तर पुढची बहुतेक दारं बंद होतात. पैसे पाठवण्याआधी हे वाचत असाल तर एवढं एक ऐका: ती सूट घेऊ नका.

दुसरी अडचण आपल्याकडे घरोघरी आहे. भाचा न्यू जर्सीत, वस्तू त्याच्या पत्त्यावर, आणि दिवाळीत तो येताना बॅगेतून आणणार. मुदतीचा पहिला दिवस मोजला जातो तो वस्तू भाच्याच्या दारात पोचली त्या दिवसापासून. तुम्ही खोका उघडता तोवर तीन महिने उलटलेले असतात. शिवाय मूळ पत्त्यावर पोचल्यावर पुढे दुसरीकडे रवाना झालेल्या वस्तूला ईबेचं पैसे परतीचं संरक्षण मिळत नाही. माल फिरवून पाठवणाऱ्या फॉरवर्डिंग कंपन्यांचे पत्तेही यातच येतात. तेव्हा भाच्याला निदान एवढं सांगा की खोका आल्या दिवशी उघड, मशीनला लाव आणि चालतंय का ते कळव.

तिसरी गोष्ट बिलावरच्या नावाची. बिल फर्मच्या नावावर आणि जीएसटी क्रमांकासह घेतलं असेल, तर ग्राहक आयोगात समोरची बाजू "ही व्यापारी खरेदी आहे" म्हणते. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला कायद्यात सवलत आहे. एकटा फोटोग्राफर किंवा घरी बसून डिझाइन करणारी मुलगी ग्राहकच ठरते. मात्र ते अर्जात स्पष्ट लिहावं लागतं.

मुदती

ईबेवर वस्तू पोचल्यापासून किंवा पोचण्याच्या शेवटच्या अंदाजी तारखेपासून ३० दिवसांत तक्रार नोंदवावी लागते. विक्रेत्याला उत्तरासाठी कामाचे ३ दिवस मिळतात, त्यानंतर तुम्ही ईबेला मध्ये पडायला सांगू शकता. पेपालची मुदत पैसे भरल्यापासून १८० दिवस. इथे 'भरल्यापासून' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण लोक वस्तू मिळाल्यापासून मोजतात. पेपालच्या वाटेत आणखी एक खड्डा आहे. डिस्प्युट उघडल्यावर २० दिवसांत ते क्लेममध्ये बदलावं लागतं. तसं न केल्यास ते आपोआप बंद होतं आणि बंद झालेलं डिस्प्युट पुन्हा उघडता येत नाही. डिस्प्युट म्हणजे विक्रेत्याशी बोलणं, क्लेम म्हणजे पेपालकडून निर्णय मागणं. हा फरक माहीत नसल्याने कितीतरी माणसं एकविसाव्या दिवशी जागी होतात.

कार्डावरून पैसे परत मागण्याला चार्जबॅक म्हणतात. सदोष वस्तूसाठी व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत साधारण १२० दिवस असतात. पण तो अर्ज बँकेमार्फत जातो आणि बँकेला तपासून पुढे पाठवायला वेळ लागतो. शंभराव्या दिवशी शाखेत जाऊन "अजून वीस दिवस आहेत की" म्हणू नका.

या सगळ्या वाटांवर एकाच वेळी चालू नका. ईबेवर तक्रार चालू असताना बँकेत चार्जबॅक टाकला, तर ईबे आपली केस बंद करतं. आधी बाजार, मग पेपाल, मग बँक असा क्रम ठेवा, आणि पुढच्या मुदतीकडे डोळा ठेवून आधीची वाट किती दिवस धरायची ते पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून काढा.

विक्रेता गोड बोलतो तेव्हा

छोटे विक्रेते बहुधा वाईट नसतात. कित्येकदा दोघातिघांचं दुकान असतं, पहिल्याच निरोपाला उत्तर येतं, आणि खरंच बदली वस्तू येते. म्हणून आधी त्यांना सभ्यपणे लिहावं, यात दुमत नाही. पण एक वाक्य आलं की सावध व्हा: "तुमची तक्रार मागे घ्या, मग आम्ही लगेच नवीन पाठवतो." तक्रार मागे घेऊ नका. विक्रेत्याशी चाललेल्या गप्पांनी मुदत थांबत नाही. "ड्रायव्हर बदलून पाहा", "बायोस अपडेट करा", "आमच्याकडे आठवडाभर सुट्टी आहे" यांत ३० दिवस कसे जातात ते कळतही नाही. बोलणं चालू ठेवा आणि तक्रारही चालू ठेवा, दोन्ही जमतं. आणि बोलणं बाजाराच्या किंवा पेपालच्या निरोपांतच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेलं वचन निर्णय देणाऱ्याला दिसत नाही.

दुरुस्ती स्वतः करू नका. स्टिकर काढलं, हीटसिंक उघडलं, सोल्डर मारलं की "ग्राहकाने बिघडवलं" म्हणायला त्यांना कारण मिळतं.

जो कागद कोणाकडेच नसतो

वस्तू सदोष आहे हे तुम्ही म्हणता. निर्णय देणारा माणूस हजारो मैल दूर असतो आणि त्याच्यापुढे फक्त चित्रं व कागद असतात. खोका उघडतानाचा न कापलेला व्हिडिओ, त्यात कुरिअरचं लेबल आणि सिरियल क्रमांक, ही पहिली गोष्ट. ती बहुतेकांकडे आता असते. दुसरी गोष्ट म्हणजे चाचणीचा पुरावा. रॅमसाठी मेमटेस्ट८६ हा तपासणीचा प्रोग्राम रात्रभर चालवून चुकांच्या आकड्याचा फोटो घ्या. एसएसडी किंवा पेनड्राइव्हची क्षमता खोटी वाटत असेल, तर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. ५१२ जीबी लिहिलेल्या डिस्कवर खरी जागा किती, ते त्यात उघड होतं. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं बनावट एनव्हिडिया ग्राफिक्स कार्ड जीपीयू-झी हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर पुष्कळदा ओळखतं आणि नावापुढे तसं लिहूनच दाखवतं. असा एक स्क्रीनशॉट पानभर तक्रारीपेक्षा वजनदार असतो.

तिसरा कागद म्हणजे तंत्रज्ञाचं पत्र, आणि इथेच गाडी अडते. पेपाल आणि बँका तिऱ्हाईताचं मत मागू शकतात. आपण लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत नेहमीच्या दुरुस्तीवाल्याकडे जातो. तो पाच मिनिटांत दोष अचूक सांगतो आणि चिठ्ठीवर लिहून देतो, "बोर्ड डेड". निदान खरं असतं, पण चिठ्ठी चालत नाही. पत्र दुकानाच्या लेटरहेडवर हवं, इंग्रजीत हवं. त्यावर दुकानाचा पत्ता, फोन आणि असल्यास जीएसटी क्रमांक, तारीख, वस्तूचं पूर्ण मॉडेल आणि तोच सिरियल क्रमांक, कोणती चाचणी केली, काय आढळलं, आणि हा दोष वापरामुळे आलेला दिसत नाही हे वाक्य, त्याखाली सही-शिक्का. मजकूर तुम्ही स्वतः टाइप करून न्या. दुरुस्तीवाल्याला लिहायचा कंटाळा असतो, तपासायचा नसतो. वाचून पटलं तर तो सही करतो. त्याला न पटणारं मात्र काही लिहून नेऊ नका. तपासणीचे पैसे द्या आणि त्याची पावतीही जोडा.

बँकेच्या अर्जातली एक खूण

शाखेतल्या काउंटरवर "कार्डाची तक्रार" म्हटलं की बहुधा फसवणुकीचा अर्ज हातात येतो. त्यावर "हा व्यवहार मी केलेला नाही" अशी चौकट असते. तिच्यावर खूण करू नका. व्यवहार तुम्ही केला होता, ओटीपी तुम्हीच दिला होता. बँकेला ते दिसतं, दावा खोटा ठरतो आणि वर कार्डही बंद होतं. तुम्हाला हवी ती चौकट "वस्तू सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नाही" ही. छापील अर्जात ती नसेल तर वेगळ्या कागदावर तसं लिहा आणि पोच घ्या. काउंटरवरच्या माणसाला हा फरक शिकवलेला नसतो, त्याचा भुर्दंड ग्राहकाने भरायचा, याचा मला राग येतो. म्हणून शक्यतो कार्ड विभागाला ईमेलनेच लिहा. वस्तू परत केली किंवा परत करण्याची तयारी लेखी कळवली होती, हेही त्यात दाखवावं लागतं. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

माल परत पाठवताना

ट्रॅकिंग नसलेल्या पार्सलने काहीही परत पाठवू नका. पोचल्याची नोंद नाही म्हणजे परत केलं नाही, असाच अर्थ लावला जातो. सोबतच्या बिलावर 'परत जाणारा सदोष माल' असं लिहा आणि खरी किंमत घाला. लिथियम बॅटरी असलेली वस्तू असेल तर कुरिअरला आधी विचारा, पुष्कळदा काउंटरवरूनच परत फिरवतात.

कस्टम्स ड्युटी विक्रेत्याने घेतलेली नसते, त्यामुळे ती तो परत देत नाही. सीमाशुल्क कायदा १९६२च्या कलम २६ अ नुसार सदोष माल परत गेला तर भरलेली ड्युटी मिळू शकते. त्यासाठी माल सुटल्याच्या आदेशापासून ३० दिवसांत (अधिकाऱ्याने वाढवली तर तीन महिन्यांत) तो निर्यात व्हावा लागतो, आणि दोष शोधण्यापुरताच वापरलेला असावा लागतो. त्याला बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची कस्टम्सकडे केलेली नोंद, लागते. व्यक्तीच्या नावाने कुरिअरने आलेल्या पार्सलचं बिल ऑफ एंट्री कुरिअर कंपनीकडे पडून असतं आणि मागितल्याशिवाय कोणी देत नाही. पार्सल आल्याच्या आठवड्यातच मागून घ्या. रक्कम हजार-दोन हजारांची असेल, तर या खटपटीत पडू नका असंच मी सांगतो.

बदली वस्तूवर पुन्हा ड्युटी लागू शकते. विक्रेता "गिफ्ट लिहून पाठवतो" म्हणाला तर नको म्हणा. डिसेंबर २०१९पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून, पूर्ण ड्युटी न भरता भेट म्हणून माल आणायला बंदी आहे.

ग्राहक आयोग

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. २०२०चे ई-कॉमर्स नियम भारतात नियमितपणे विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. मुदत दोन वर्षं. भरलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील सक्तीचा नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवर होतो. कागदोपत्री सगळं सोपं आहे. अडतं ते विक्रेत्याच्या पूर्ण पत्त्याशी, कारण नोटीस बजावल्याशिवाय केस हलत नाही. पत्ता कुरिअरच्या लेबलवर आणि पेपालच्या व्यवहाराच्या पानावर पाहा. जर्मन संकेतस्थळांवर 'इम्प्रेसुम' नावाचं, मालकाचं नाव-पत्ता देणारं पान कायद्यानेच असतं, ब्रिटनमधली कंपनी असेल तर कंपनीज हाउस या तिथल्या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या नोंदीत मोफत शोधता येते. तरीही खरं सांगायचं तर शेन्झेनच्या चार माणसांच्या दुकानाकडून इथल्या आदेशाची वसुली करणं फार अवघड आहे. भारतात कार्यालय असलेला बाजार किंवा तुमची बँक प्रतिपक्ष होऊ शकत असेल तरच हा रस्ता धरा. त्याआधी १९१५वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करून ठेवा.

एक शेवटचं. चार्जबॅकमध्ये बँक आधी तात्पुरते पैसे जमा करते. विक्रेत्याने उलट पुरावा दिला तर ते परत काढले जातात. शिवाय चलनाचा दर बदललेला असल्याने जमा झालेली रक्कम थोडी कमीजास्त दिसू शकते. बँकेचं अंतिम पत्र हातात येईपर्यंत ती बिघडलेली वस्तू, तिचा खोका आणि आतला फोमसुद्धा टाकून देऊ नका. मध्येच कोणी "वस्तू परत पाठवा" म्हटलं आणि ती भंगारात गेलेली असेल, तर जिंकत आलेला दावा तिथेच संपतो.