हिरव्या किड्यांच्या मोसमात धानातल्या कोळ्यांविषयी

दसरा-दिवाळीच्या सुमारास ग्वाल्हेरच्या लष्कर भागात संध्याकाळी दिव्यांखाली हिरव्या किड्यांचा सडा पडतो. दुकानदार दिवे मालवतात, दुचाकीवाले डोळे चोळतात. लोक त्यांना 'हिरवे मच्छर' म्हणतात, पण डासांशी त्यांचं काही नातं नाही. हे धानाचा रस शोषणारे तुडतुडे. ग्वाल्हेरच्या आसपास, डबरा-भितरवारकडे, धान भरपूर होतं. तिथून ते दिव्यांकडे ओढले जातात. पणत्यांनी कीड मरावी म्हणून पूर्वजांनी दिवाळी योजली, असा मजकूर दर वर्षी मोबाइलवर फिरतो. तोवर धान कापणीला आलेलं असतं, नुकसान व्हायचं ते होऊन गेलेलं असतं!

किडे दिसले की 'शेतात फवारणी कमी पडली' असं आपण सहज म्हणतो. धानावरच्याच दुसऱ्या एका किडीच्या, तपकिरी तुडतुड्यांच्या बाबतीत बरेचदा नेमकं उलटं घडतं.

खाचरात पाणी साठलं की जुनी धसकटं आणि शेणखत त्यात कुजू लागतं. त्यावर जिवाणू वाढतात, पाण्यात सूक्ष्म शेवाळ आणि प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, येतात. हे सगळं खाऊन चिलटांच्या अळ्या पोसतात. त्या पिकाला हातही लावत नाहीत. अळ्यांची चिलटं होऊन पाण्याबाहेर आली की कोळी त्यांच्यावर ताव मारतात. म्हणजे तुडतुड्यांची संख्या वाढण्याआधीच शेतात कोळ्यांची फौज तयार असते आणि तिचा शिधा पिकातून नव्हे, चिखलातून आलेला असतो. जावा बेटावरच्या भातशेतीत झालेल्या अभ्यासाने १९९६ मध्ये ही साखळी उलगडून दाखवली.

आता लावणीनंतर महिन्याभरात, पानं थोडी कुरतडलेली दिसली म्हणून कोणी फवारलं, तर काय होतं? त्या वयात धान नवे फुटवे काढून एवढी झीज सहज भरून काढतं. पण औषधाने चिलटं मरतात, कोळी मरतात, तुडतुड्यांची अंडी शोषणारा सिर्टोऱ्हायनस हा ढेकणाच्या दूरच्या नात्यातला इवलासा किडाही मरतो. तुडतुड्याची मादी मात्र खोडाभोवतीच्या आवरणाला चीर पाडून आत अंडी घालते, आणि तिथवर बहुतेक औषधं पोचत नाहीत. आठवड्याभरात पिल्लं बाहेर पडतात, तेव्हा शेतात त्यांना खाणारं कोणी उरलेलं नसतं. शिवाय काही कीटकनाशकांची न मारणारी, अपुरी मात्रा मादीची अंडी घालण्याची क्षमता वाढवते, असंही प्रयोगांत दिसलं आहे. मग पिकात करपल्यासारखे गोल चट्टे पडतात.

इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, ती फवारणीनंतर तुडतुडे असे उसळल्याच्या अनुभवानंतरच. भाताचं उत्पादन त्यामुळे कोसळलं नाही.

धान पाहताना शेंडे पाहून उपयोग नाही. रोप वाकवून बुंध्याशी बघायचं, तुडतुड्यांबरोबर कोळीही मोजायचे. युरिया एकदम ओतायचा नाही. कोवळं, नत्राने भरलेलं रोप तुडतुड्यांना फार मानवतं. आणि ते वाढलेच, तर ३-४ दिवस पाणी काढून टाकायचं. बुंध्याजवळची दमट सावली गेली की त्यांची वाढ मंदावते.