अ‍ॅल्युमिनियमचा डबा उडी का मारतो?

‘कचरा वेगळा करून द्या’ असं सफाई विभागाने सांगितलं की दोन उत्तरं हमखास मिळतात. पहिलं, ‘आम्ही वेगळा करू, पण पुढे सगळं एकाच गाडीत कोंबतात.’ काही ठिकाणी ही तक्रार अगदी रास्त असते आणि तिथे दोष नागरिकांचा नाही. दुसरं उत्तर जरा शिकलेल्या माणसाचं असतं: ‘आता यंत्रं आली आहेत, ती करतील वेगळं. आपण कशाला हात घाण करायचे?’ हे ऐकायला आधुनिक वाटतं. पण ती यंत्रं नेमकं काय करतात हे एकदा पाहिलं, की सफाई विभागाच्या पत्रकातल्या ‘डबा चेपू नका’, ‘पिशवीला गाठ मारू नका’, ‘कोरडा द्या’ या किरकोळ वाटणाऱ्या सूचनांमागचं भौतिकशास्त्र दिसायला लागतं.

वर्गीकरण केंद्रातल्या बहुतेक यंत्रांना आपल्यासमोर बाटली आहे की वही, हे कळत नाही. प्रत्येक यंत्र पट्ट्यावरून येणाऱ्या वस्तूला एकच प्रश्न विचारतं. फिरती जाळी विचारते, तू केवढा? तिरका हलणारा फळ्यांचा मंच विचारतो, तू चपटा की घरंगळणारा? हवेचा झोत विचारतो, तू हलका का? चुंबक विचारतो, तू लोखंडाचा का? वस्तूने चुकीचं उत्तर दिलं तर ती चुकीच्या ढिगात जाते, आणि पुढचं यंत्र तिला आपला प्रश्न विचारूच शकत नाही. या रांगेतला माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, ‘तुझ्यातून वीज वाहते का?’ तो विचारणाऱ्या यंत्राला एडी करंट सेपरेटर म्हणतात. बाकीच्या यंत्रांपेक्षा त्याच्यावर मी इथे जास्त वेळ घालवणार आहे.

अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, हे शाळेत शिकलेलं असतं. तरीही या यंत्रात अ‍ॅल्युमिनियम वेगळं होतं ते चुंबकानेच. पट्ट्याच्या शेवटच्या रुळाच्या आत एक रोटर असतो. त्याच्या परिघावर शक्तिशाली चुंबक बसवलेले असतात, एक उत्तर ध्रुव बाहेर, मग एक दक्षिण, पुन्हा उत्तर. पट्टा आपल्या संथ गतीने जात असतो, पण आतला रोटर मिनिटाला हजारो फेरे मारतो. त्यामुळे पट्ट्यावरच्या वस्तूला चुंबकीय क्षेत्र सतत उलटसुलट होताना जाणवतं. मायकेल फॅरेडेने १८३१मध्ये दाखवलं त्याप्रमाणे, बदलतं चुंबकीय क्षेत्र वाहकात विद्युतधारा निर्माण करतं. तार नाही, बॅटरी नाही, तरी पेयाच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्यात गोल गोल फिरणाऱ्या धारा सुरू होतात. याच एडी करंट.

आता लेन्झचा नियम. निर्माण झालेली धारा ज्या बदलामुळे ती जन्मली त्यालाच विरोध करते. रोटरचा उत्तर ध्रुव जवळ येऊ लागला, की डब्यातल्या धारा समोर स्वतःचा उत्तर ध्रुव उभा करतात आणि दोघे एकमेकांना ढकलतात. ध्रुव पुढे सरकू लागला, की डबा त्याच्यामागे ओढला जातो. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं. एकूण परिणाम असा, की डबा वर आणि पुढे फेकला जातो. कागद, प्लॅस्टिक, लाकूड यांच्यात धारा निर्माण होत नाही, ते पट्ट्याच्या टोकावरून सरळ खाली पडतात. मध्ये एक दुभाजक पत्रा उभा असतो. पलीकडे पडलं ते अ‍ॅल्युमिनियम, अलीकडे पडलं ते बाकीचं. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, डब्यांना कोणीतरी टिचकी मारतंय.

लोखंड मात्र आधीच काढून घ्यावं लागतं. लोखंडाचा तुकडा रोटरवरच्या आवरणाला चिकटून बसला, तर त्याच बदलत्या क्षेत्रामुळे तो तापतो आणि आवरण जाळतो. म्हणून साधा चुंबक नेहमी या यंत्राच्या आधी असतो.

कोणता धातू किती लांब उडेल, हे कशावर ठरतं? ढकलणारं बल विद्युतवाहकतेवर अवलंबून असतं, पण उडी ठरते बल भागिले वस्तुमान यावर. म्हणून पाहायचं ते वाहकता आणि घनता यांचं गुणोत्तर. तांबं अ‍ॅल्युमिनियमपेक्षा चांगलं वाहक आहे. त्याची वाहकता सुमारे ५.९ कोटी सीमेन्स प्रति मीटर (हे वाहकता मोजायचं एकक), तर अ‍ॅल्युमिनियमची सुमारे ३.७ कोटी. पण तांब्याच्या एका घनमीटरचं वजन ८९६० किलो भरतं आणि अ‍ॅल्युमिनियमचं २७०० किलो. भागाकार केला तर अ‍ॅल्युमिनियमला सुमारे १४,००० आणि तांब्याला सुमारे ६,६०० मिळतात. म्हणजे वाहकतेत मागे असूनही उडीत अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या दुपटीने पुढे. शिसं तर ४२०च्या आसपास अडकतं, त्यामुळे ते जवळपास उडतच नाही. एकाच यंत्राने, नुसता दुभाजक पुढेमागे करून, धातूसुद्धा एकमेकांपासून काही प्रमाणात वेगळे करता येतात ते यामुळे.

पुढचा भाग थोडा अवघड आहे, पण सूचनांचं मूळ तिथेच आहे. एक पातळ गोल चकती घ्या, त्रिज्या r. तिच्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की तिच्यात निर्माण होणारं चुंबकीय आघूर्ण, म्हणजे ती किती जोरदार चुंबकासारखी वागते ते, r च्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं, कारण वळसा मोठा झाला की त्यात निर्माण होणारा विजेचा दाबही (व्होल्टेज) वाढतो आणि वळशाने वेढलेलं क्षेत्रफळही. वस्तुमान वाढतं ते r च्या वर्गाने. भागाकार केला की त्वरण r च्या वर्गाच्या प्रमाणात उरतं. जाडी या भागाकारात वर आणि खाली दोन्हीकडे येते, म्हणून ती कटते. ढोबळमानाने, ६ सेंटीमीटरच्या तुकड्याला १ सेंटीमीटरच्या तुकड्यापेक्षा ३६ पट जास्त त्वरण मिळतं. झाकणाची छोटी कडी, फॉइलचा फाटका कपटा हे अ‍ॅल्युमिनियम असूनही उडत नाहीत, कागदाबरोबर खाली पडतात. बहुतेकदा तर ते त्याआधीच्या जाळीतूनच गळून गेलेले असतात. फॉइलचे कपटे साठवून, स्वच्छ करून एक मोठा गोळा करून द्या, असं काही सफाई विभाग सांगतात त्याचं कारण हे.

जाडी कटते म्हटलं, त्यालाही मर्यादा आहे. रोटर मिनिटाला ३००० फेरे घेत असेल आणि त्यावर ध्रुवांच्या १२ जोड्या असतील, तर क्षेत्र सेकंदाला ६०० वेळा आवर्तन करतं. या वारंवारतेला अ‍ॅल्युमिनियममध्ये धारा पृष्ठभागापासून साधारण ३.३ मिलिमीटर खोलीपर्यंतच जोर धरतात. पेयाच्या डब्याची भिंत मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, त्यामुळे पूर्ण पत्रा कामाला लागतो. इंजिनाच्या जाड तुकड्यात मात्र बाहेरच्या सालीतच धारा फिरतात आणि आतला धातू नुसतं ओझं म्हणून राहतो. म्हणून जाड भंगारासाठी रोटर हळू फिरवणं फायद्याचं ठरतं.

चुंबकाचा विषय निघालाच आहे, तर एक सांगून टाकतो. मनगटावर चुंबकाचं कडं घातल्याने ‘रक्तातलं लोह खेचलं जाऊन रक्ताभिसरण सुधारतं’ अशा जाहिराती अजून चालतात. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरीएल या रसायनशास्त्रज्ञांनी १९३६मध्येच दाखवलं, की ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून अत्यंत क्षीणपणे दूर ढकललं जातं. रक्त खरोखर खेचलं गेलं असतं, तर एमआरआयच्या प्रचंड शक्तिशाली चुंबकात शिरलेला माणूस धडपणे बाहेर आला नसता.

डबे वेगळे काढण्याचा हा सगळा खटाटोप कशासाठी? खनिजातून अ‍ॅल्युमिनियम काढायचं म्हणजे ऑक्सिजनशी घट्ट बांधलेला अणू विजेने सोडवायचा. १८८६पासून वापरात असलेल्या हॉल-एरू पद्धतीत त्यासाठी आज किलोमागे १३ ते १५ युनिट वीज लागते. जुना डबा वितळवायला ती गाठ पुन्हा सोडवावी लागत नाही, फक्त धातू ६६० अंशांपुढे तापवायचा. त्यामुळे सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. रिकाम्या डब्याचं वजन १३ ग्रॅमच्या आसपास धरलं, तर एका डब्यामागे जवळजवळ ०.१७ युनिट, म्हणजे १० वॉटचा दिवा सतरा तास.

पण डबा उडण्यासाठी आधी त्या रोटरपर्यंत पोचावा लागतो, आणि गोची इथेच होते. गंमत म्हणजे एडी करंटला चेपलेला डबा चालतो, वस्तुतः चपट्या पत्र्यात धारा छान फिरतात. पण त्याआधीच्या तिरक्या मंचाचा प्रश्न आठवा: चपटा की घरंगळणारा? चपटा डबा वर कागद-पुठ्ठ्याबरोबर निघून जातो. जागा वाचवावी म्हणून आपण तो पायाखाली चेपतो आणि त्याचं उत्तर चुकवून ठेवतो. जिथे निवड माणसांच्या हातांनी होते तिथे चेपलेला डबा मुळीच अडत नाही, म्हणून दोन गावांच्या सूचना वेगळ्या असल्या तर दोघीही बरोबर असू शकतात. गाठ मारलेली पिशवी मात्र सगळीकडेच अडते. आतल्या वीस वस्तूंच्या वतीने उत्तर एकटी पिशवी देते.

प्लॅस्टिकला विचारला जातो तो प्रश्न प्रकाशाचा. पट्ट्यावर निकट-अवरक्त, म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश टाकतात. प्रत्येक प्लॅस्टिकचे रासायनिक बंध त्यातल्या ठरावीक तरंगलांब्या शोषतात, उरलेला प्रकाश परत येतो, आणि त्यावरून पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक) की पॉलिथिन (पिशव्यांचं) हे ओळखून हवेचा फवारा ती बाटली नेमकी उडवतो. पाणी १४५० नॅनोमीटरच्या आसपास जोरात शोषतं, त्यामुळे ओल्या थराखालच्या प्लॅस्टिकची ही ओळख पुसट होते. बाटलीत द्रव उरला असेल, तर ओळख पटूनही फवाऱ्याला ती पेलत नाही. काळ्या प्लॅस्टिकमधली काजळी तर सगळा प्रकाश गिळते आणि यंत्राला तिथे काहीच दिसत नाही. आणि तळाशी बाणांच्या त्रिकोणात छापलेला आकडा हे यंत्र वाचत नाही. १९८८मध्ये सुरू झालेला तो आकडा फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, पुनर्वापर होईल अशी हमी देत नाही. लोकांचा हा घोळ इतका वाढला, की २०१३मध्ये मानक ठरवणाऱ्या संस्थेने बाण काढून साधा त्रिकोण ठेवायला सांगितलं.

चुकीच्या ढिगात गेलेली वस्तू निदान परत उचलता तरी येते. वितळल्यावर तेही संपतं. पीईटीच्या ढिगात थोडं पीव्हीसी (पाइपांचं प्लॅस्टिक) राहिलं, तर पीईटी वितळतं त्या २५० अंशांपुढच्या तापमानाला पीव्हीसी फुटून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं आणि सगळी बॅच पिवळी, ठिसूळ होते. पाण्यात बुडवून वेगळं करावं, तर दोघांची घनता जवळपास सारखी, दोन्ही बुडतात. पोलादात तांब्याची तार गेली, तर वितळलेल्या पोलादातून तांबं काढायचा किफायतशीर मार्ग आजही नाही. ते प्रत्येक फेरीत साठत जातं आणि गरम पोलाद लाटताना त्याला भेगा पाडतं.

म्हणूनच ‘प्लॅस्टिक खाणारे जीवाणू सापडले, आता प्रश्न मिटला’ अशी बातमी आली की मी जरा थांबतो. २०१६मध्ये जपानी संशोधकांनी शोधलेला इडिओनेला साकाएन्सिस हा जीवाणू खरा आहे आणि फार रंजकही आहे. पण त्याने पीईटीची पातळ, फारशी स्फटिकमय नसलेली (रेणू शिस्तीत घट्ट न रचलेले) फिल्म ३० अंश तापमानाला सुमारे सहा आठवड्यांत संपवली. बाटलीचं पीईटी बरंच जास्त स्फटिकमय, म्हणून पचवायला अवघड असतं. त्यानंतर घडवलेली विकरं (एन्झाइम) पुष्कळ वेगवान आहेत, तरी त्यांनाही पीईटी वेगळं काढून, दळूनच द्यावं लागतं.

राहता राहिली बॅटरी. लिथियम-आयन सेल या रांगेतल्या कोणत्याच प्रश्नाने ओळखू येत नाही. पोलादी कवच असलं तर तो चुंबकाला ‘लोखंड’ असं उत्तर देतो आणि भंगाराबरोबर गठ्ठा बांधणाऱ्या दाबयंत्रात जातो. तिथे, किंवा त्याही आधी कचरागाडीच्या दाबफळीखाली, सेल चेपला की आतलं काही हजारांश मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिकचं पापुद्र्यासारखं विभाजक फाटतं. दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांना भिडतात, सेल तापतो, त्या उष्णतेने आतल्या रासायनिक अभिक्रिया वेग घेतात आणि त्या अभिक्रियांनी उष्णता आणखी वाढते. भोवती कोरडा कागद असतोच. वर्गीकरण केंद्रांना लागणाऱ्या आगींमागे हे सेल मोठ्या प्रमाणावर सापडतात, आणि म्हणून सफाई विभाग त्यांच्यासाठी वेगळी पेटी ठेवतो. त्या पेटीत टाकण्याआधी सेलच्या टोकांवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे पेटीतच दोन सेलांची टोकं एकमेकांना भिडून शॉर्टसर्किट होत नाही.