स्मृतिसंवर्धक सवयी

शिकलेले लक्षात राहावे, हवे तेव्हा आठवावे आणि वाढत्या वयातही मेंदूची तल्लखता टिकावी यासाठी दैनंदिन जीवनात नियमितपणे पाळल्या जाणाऱ्या सवयी. स्मरणाच्या प्रक्रियेत माहितीचे ग्रहण, तिची धारणा आणि तिचे पुनःस्मरण असे तीन टप्पे मानले जातात. विस्मरणाच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ पहिल्याच टप्प्यात असते. चावी ठेवताना मन दुसरीकडे असेल, तर ती कोठे ठेवली याची नोंदच मेंदूत नीट होत नाही आणि मग आठवण्यासारखे काही उरत नाही. मनात एका वेळी तीन ते पाचच घटक धरून ठेवता येतात. म्हणून एका वेळी एकच काम करणे आणि अभ्यासाच्या वेळी फोन दूर ठेवणे हा स्मरणाचा पहिला आधार ठरतो.

विस्मरणाचा प्रयोगाधारित अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी सुरू केला. निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून त्यांनी १८८५ मध्ये दाखवून दिले, की विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि पुढे मंदावत जातो. एका बैठकीत दहा वेळा वाचण्यापेक्षा तीच उजळणी काही दिवसांच्या अंतराने विभागून करणे अधिक फलदायी ठरते, हेही त्यांच्या कामातून पुढे आले. तथापि उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे, ही समजूत अपुरी आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले. परंतु आठवड्यानंतर, वाचून झाल्यावर उतारा आठवून लिहिणारे विद्यार्थी पुढे होते. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख म्हणजेच ज्ञान असा भास होतो. पुस्तक मिटून आठवून पाहणे कष्टाचे असले, तरी या नोंदीत उल्लेखिलेल्या अध्ययनविषयक सवयींमध्ये या सवयीलाच अग्रस्थान द्यावे लागते.

झोपेचे महत्त्व यापेक्षा कमी नाही. जॉन जेंकिन्स आणि कार्ल डॅलेनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवले होते, की पाठांतरानंतर झोपलेल्या व्यक्ती जाग्या राहिलेल्या व्यक्तींपेक्षा कमी विसरतात. दिवसा मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाच्या साहाय्याने नोंदलेल्या अनुभवांची उजळणी मेंदू गाढ झोपेत करतो आणि त्यामुळे त्या स्मृती दृढ होतात, असे आता मानले जाते. प्रौढांना किमान सात तासांची झोप आवश्यक असते. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण त्यामुळे तोट्याचेच ठरते.

मेंदूला अखंड रक्तपुरवठा लागतो आणि म्हणून हृदयाला हितकारक अशा बहुतेक सवयी स्मृतीलाही हितकारक असतात. ५५ ते ८० वर्षे वयाच्या १२० व्यक्तींवरील, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढलेले आढळले. नंतरच्या सर्व अभ्यासांत मात्र परिणाम इतका ठळक दिसलेला नाही. रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे, धूम्रपान टाळणे, तसेच लोकांशी संपर्क राखणे यांचाही स्मृतीला हितकारक सवयींत समावेश होतो. कमी ऐकू येणे हा स्मृतिभ्रंशाचा एक महत्त्वाचा जोखीम-घटक असूनही त्याकडे फारच दुर्लक्ष होते. ऐकू येत नसेल, तर संभाषण हळूहळू तुटते आणि मेंदूला मिळणारी चालनाही घटते.

शब्दकोडी आणि संगणकीय मेंदू-खेळ यांच्याविषयीचे दावे मात्र जपून स्वीकारावेत. सरावाने त्या विशिष्ट खेळात प्रावीण्य येते. ते कौशल्य दैनंदिन स्मरणात उतरते याचा पुरावा तोकडा आहे. नवी भाषा, वाद्य किंवा हस्तकला शिकणे अधिक समृद्ध आव्हान देते, कारण त्यात चूक, दुरुस्ती आणि पुनःस्मरण सतत घडत राहते. कामांची वही ठेवल्याने स्मृती दुबळी होते ही भीती अनाठायी आहे. किरकोळ तपशील कागदावर सोपवल्याने अवधान महत्त्वाच्या गोष्टीसाठी मोकळे राहते.

वयानुसार नावे आठवण्यास थोडा विलंब होणे स्वाभाविक असते. परिचित रस्ता चुकणे, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे किंवा नित्याचे व्यवहार न जमणे ही लक्षणे वेगळी असून त्यांसाठी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, अवटू (थायरॉइड) ग्रंथीचे विकार, नैराश्य आणि काही औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही स्मरण मंदावते आणि अशी कारणे वेळीच ओळखल्यास त्यांवर उपचार करता येतात.