स्थानिक किमान वेतन (नागपूरच्या संदर्भात)

स्थानिक किमान वेतन म्हणजे महापालिका, नगरपरिषद किंवा जिल्ह्याच्या पातळीवरच्या सरकारनं आपल्या हद्दीपुरता ठरवलेला मजुरीचा कमीत कमी दर. भारतात कुठल्याच महापालिकेला असा दर ठरवायचा अधिकार नाही. नागपूरसारख्या शहराला तो द्यावा का, हा वाद मात्र अधूनमधून निघतोच, आणि वाटतो तेवढा पुस्तकी पण नाहीये.

कायद्याची बाजू

कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचा. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात दर ठरवणारं 'समुचित शासन' म्हणजे हेच दोघं. नंतर ७४ वी घटनादुरुस्ती आली, बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय टाकले, पाणी, रस्ते, झोपडपट्टी सुधार, अगदी स्मशानभूमी पण आली, मजुरी काही आली नाही. आणि गंमत अशी की १९४८ च्या कायद्याला जोडलेल्या कामांच्या यादीत 'स्थानिक प्राधिकरणाखालील काम' ही एक नोंदच होती, म्हणजे कायद्याच्या नजरेत महापालिका ही दर ठरवणारी नव्हती, दर पाळायला लावायची गरज असलेली मालक होती, तेलाच्या गिरणीच्या मालकासारखीच.

त्या कायद्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात केंद्रानं 'तळ वेतन' ठरवायचं, ते वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळं ठेवता येतं, आणि राज्यांनी त्याच्या खाली जायचं नाही. भूभागानुसार फरक करायची वाट त्यात आहे, पण तो फरक करणारा हात वरचाच राहिला.

नागपूर नेमकं कुठे बसतं

महाराष्ट्रात किमान वेतन परिमंडळानुसार, म्हणजे राज्याचे भाग पाडून, ठरत आलंय. बहुतेक अधिसूचनांमध्ये महापालिकांचा भाग परिमंडळ १ मध्ये, छोटी शहरं त्याखाली आणि उरलेला भाग शेवटी. त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे भाग, आणि वरून महागाईशी जोडलेला विशेष भत्ता जो जानेवारी आणि जुलैत बदलतो. परिणाम काय, तर मुंबईतल्या अंधेरीचं दुकान आणि नागपूरच्या इतवारीतलं दुकान एकाच परिमंडळात. घरभाड्यातला फरक दोन्ही शहरांत राहिलेल्या कोणालाही विचारा.

केंद्राचा हिशोब तर आणखी मजेशीर आहे. केंद्राच्या अखत्यारीतल्या कामांसाठी शहरांचे अ, ब, क असे गट आहेत आणि त्यात नागपूर मुंबई-दिल्लीसोबत 'अ' मध्ये बसतं. पण त्याच केंद्राच्या कर्मचाऱ्यांना घरभाडं भत्ता देताना मुंबई आणि पुणे 'एक्स' आणि नागपूर 'वाय', म्हणजे एक पायरी खाली. मजुरीला नागपूर महाग आणि घराला स्वस्त! शिवाय रेल्वे स्टेशन झाडणाऱ्या कंत्राटी कामगाराला केंद्राचा दर लागू आणि स्टेशनबाहेरचा रस्ता झाडणाऱ्याला राज्याचा, झाडू तोच, धूळ तीच.

स्थानिक दर काढायला आकडे कुठून आणणार असं विचारणारे असतात, त्यांच्यासाठी सांगायचं तर औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक देशातल्या ज्या ८८ केंद्रांचा दर महिन्याला निघतो त्यात नागपूर आहे. कुटुंबाला किती लागतं याचं मोजमापही १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेपासून ठरलेलं आहे: तीन खाणारी माणसं धरायची, माणशी २७०० कॅलरी, वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेसाठी २० टक्के. सर्वोच्च न्यायालयानं रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यासाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. हा हिशोब नागपूरच्या बाजारभावांवर मांडायला कोणाची हरकत असायचं कारण नाही.

ठिय्या आणि हमाली

खरं म्हणजे नागपुरात मजुरी रोज स्थानिक पातळीवरच ठरते, फक्त सरकारकडून नाही. सकाळी शहरातल्या कुठल्याही ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर कामासाठी जमतात त्या चौकात, उभं राहा. मिस्त्री थापी-ओळंबा घेऊन, बिगारी आणि रेजा (बाई मजूर) डबा घेऊन, बरेचसे शिवनी, बालाघाट, छिंदवाड्याकडचे. ठेकेदाराची गाडी थांबली की घोळका होतो, 'किती देऊन राहिले भाऊ?' आणि दोन मिनिटांत सौदा. उन्हं वर चढली, माणसं शिल्लक राहिली, की दर उतरतो. बांधकामाला किमान वेतन लागू आहे, पण त्या चौकात परिमंडळ हा शब्द कोणी उच्चारत नाही. रेजाचा दर बिगाऱ्यापेक्षा कमी असतो हेही तिथे गृहीतच धरलेलं, समान कामाला समान दाम हा नियम कायद्यात १९७६ पासून असूनही.

कळमन्याच्या बाजारात चित्र वेगळं. तिथे हमाली कट्ट्यावर, म्हणजे पोत्यामागे, मोजतात, आणि दर वाढवायचा असला की हमाल, अडते आणि व्यापारी एका टेबलाला बसतात. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्यानं कामगार, मालक आणि सरकार अशा तिघांची मंडळं काढली, मजुरी मंडळाकडे जमा होते आणि तिथून कामगाराला मिळते. म्हणजे एका जागेपुरता, एका धंद्यापुरता दर ठरवायची आणि तो वसूल करायची यंत्रणा राज्यात पन्नासहून जास्त वर्षं आहे. स्थानिक वेतन आलं की अराजक माजेल म्हणणाऱ्यांनी हे बघायला हरकत नाही.

बाहेरच्या देशांत

जपानमध्ये प्रत्येक प्रांताचा वेगळा दर असतो, ४७ च्या ४७. २०२४ मध्ये तोक्योत तासाला ११६३ येन होते आणि आकितात ९५१. अमेरिकेत संघराज्याचा दर २००९ पासून ७.२५ डॉलरवर अडकून पडलाय, म्हणून शहरांनी स्वतःच पुढाकार घेतला. सिॲटलनं २०१४ मध्ये टप्प्याटप्प्यानं १५ डॉलरचा कायदा केला. त्याच्या परिणामावर २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टीमनं सांगितलं की कमी पगाराच्या लोकांचे कामाचे तास घटले आणि महिन्याला सरासरी १२५ डॉलर कमीच हाती आले, त्याच सुमारास बर्कलीच्या टीमनं सांगितलं की हॉटेलांत पगार वाढले आणि नोकऱ्या काही गेल्या नाहीत. दोन्ही बाजूंना आपापला अहवाल मिळाला. अलाबामातल्या बर्मिंगहॅमनं २०१६ मध्ये १०.१० डॉलर ठरवले तर राज्यानं लगेच कायदा करून ते रद्दच केलं, त्यामुळे शहराला अधिकार दिला म्हणजे तो टिकतोच असं नाही.

आपल्याला जास्त उपयोगी उदाहरण बाल्टिमोरचं, १९९४ चं. त्या शहरानं सगळ्यांसाठी दर नाही ठरवला, फक्त शहराची कंत्राटं घेणाऱ्यांना सांगितलं की तुमच्या माणसांना किमान इतकं द्या.

हद्दीची अडचण

विरोधातला सगळ्यात दमदार मुद्दा भूगोलाचा आहे. नागपूरचे कारखाने महापालिकेच्या हद्दीत आहेत कुठे? हिंगणा एमआयडीसी शहराला चिकटलेली पण बाहेर, बुटीबोरी वर्धा रोडवर तीसेक किलोमीटर पुढे, वाडीत गोदामं, तिकडे कामठीला छावणी. फक्त महापालिकेनं दर वाढवला तर गोदाम वाडीला जाईल, आणि शहरातला चहावाला, कापडवाला, सलूनवाला, ज्याला हलता येत नाही, तोच तेवढा सापडेल. म्हणून एकक धरायचंच तर महानगर प्रदेश धरावा, महापालिका नाही. दर खाली ओढायची मुभा तर कोणालाच नको, राज्याच्या दराच्या वर जायची तेवढी असावी, नाहीतर गुंतवणूक आणायच्या नावाखाली शेजारशेजारची शहरं मजुरी पाडायच्या शर्यतीला लागतील.

वसुलीचं काय

दर कागदावर असून मिळत नाही ही तक्रार जुनीच. १९४८ च्या कायद्यात कमी पगार देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होता, आणि ५०० रुपये शेवटपर्यंत ५०० च राहिले. नव्या संहितेत पहिल्या गुन्ह्याला ५० हजारांपर्यंत दंड आहे. तपासणीला माणसं लागतात, आणि इथे स्थानिक संस्थेचा उपयोग होऊ शकतो: मुंबईत दुकानं तपासणारा निरीक्षक महापालिकेचाच असतो, नागपुरात ते काम राज्याच्या कामगार विभागाकडे आहे.

पण नागपूर महापालिकेला कायदा बदलायची वाट न बघता जे करता येतं ते तिच्या टेंडरमध्ये आहे. सफाई, कचरा उचलणं, बगीचे, सुरक्षारक्षक, हे सगळं कंत्राटावर चालतं, आणि १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याप्रमाणे ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ मालकानं द्यायचा अशी तरतूद होती. सगळ्यात कमी बोलीवाल्याला काम द्यायचं आणि त्या बोलीत मजुरीचा आकडा काय धरलाय ते बघायचं नाही, म्हणजे पगार कापायला आपणच जागा करून दिल्यासारखं झालं. मजुरी बोलीच्या बाहेर काढून निश्चित ठेवली, स्पर्धा फक्त ठेकेदाराच्या कमिशनवर आणि यंत्रसामग्रीवर लावली, आणि बिल मंजूर करायच्या आधी कामगारांच्या बँक खात्यात जमा झाल्याचा पुरावा मागितला, तर त्यासाठी विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनाची पण गरज नाही, स्थायी समितीचा ठराव पुरतो.