वास्तुकलेच्या वर्गात भग्नावशेष

पाडलेल्या इमारतीचे दगड नव्या बांधकामात बसवण्याची रीत जुनीच आहे, रोममध्ये इ. स. 315 मध्ये पूर्ण झालेल्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीवर ट्रेजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस या आधीच्या सम्राटांच्या स्मारकांवरून काढलेली शिल्पे आहेत. मात्र असे तुकडे विद्यार्थ्यांपुढे ठेवून त्यांतून रचना शिकवण्याचे ठळक उदाहरण थेट एकोणिसाव्या शतकात, लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्समधील सर जॉन सोन यांच्या घरात सापडते.

गवंड्याच्या घरात जन्मलेले सोन 1806 मध्ये रॉयल अकॅडमीत वास्तुकलेचे प्राध्यापक झाले आणि आपल्या व्याख्यानांच्या आदल्या व दुसऱ्या दिवशी स्वतःचे घर विद्यार्थ्यांसाठी खुले ठेवू लागले. तिथल्या घुमटाखाली वरून झिरपणाऱ्या उजेडात स्तंभशीर्षे, कोरीव पट्ट्या आणि अस्थिकलश यांनी भिंती खच्चून भरलेल्या आहेत. कालक्रम पाळलेला नाही, अस्सल संगमरवराला खेटून प्लास्टरची प्रतिकृती बसते. ही अडगळ नव्हे, शेजार बदलला की तुकड्याचा अर्थ कसा बदलतो याचा तो पाठच होता, असे मला वाटते. वेस्टमिन्स्टर राजवाड्यातून निघालेले मध्ययुगीन दगड आणून सोन यांनी 1824 च्या सुमारास मागच्या अंगणात एका मठाचे खोटे अवशेषही रचले आणि तिथल्या कल्पित साधूचे नाव ठेवले पाद्रे जोव्हानी, म्हणजे इटालियन जॉन!

पुढे हा खेळकरपणा आटला. लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात 1873 मध्ये प्लास्टरच्या प्रतिकृतींची प्रचंड दालने उघडली. ट्रेजनच्या स्तंभाची प्रतिकृती छतात मावेना म्हणून दोन भागांत उभी करावी लागली. तुकडा आता जुळवायचा नव्हे, हुबेहूब चितारायचा नमुना झाला, आणि आधुनिकतावादाने तर असे नमुने अनेक शाळांतून हद्दपार केले.

तुकडा पुन्हा हातात आला तो अलीकडे, चीनमध्ये. हांगझौच्या चायना अकॅडमी ऑफ आर्टचे शियांगशान संकुल वांग शू आणि लू वेन्यू या वास्तुकारांनी 2004 आणि 2007 अशा दोन टप्प्यांत पूर्ण केले, तेव्हा पाडलेल्या घरांची वीस लाखांहून अधिक कौले वापरली. निंगबो भागात वादळाने कोसळलेल्या घरांच्या विटा-कौलांचे तुकडे थरावर थर रचून भिंत बांधायची जुनी कारागिरी आहे, तिला ‘वापान’ म्हणतात. असा थर आगाऊ कागदावर नेमका आखता येत नाही, कारण पुढचा तुकडा केवढा येईल ते ढिगात हात घातल्यावरच कळते. वांग शू यांच्या विभागात विद्यार्थ्यांना सुतारकाम आणि वीटकाम शिकावे लागते, ते याच कारणाने.