केंद्रोत्सारी पंपाचे कार्य आणि त्याचे गणन

केंद्रोत्सारी (सेंट्रिफ्युगल) पंपातला फिरता इंपेलर, म्हणजे पात्यांचे चाक, त्याच्यातून जाणाऱ्या पाण्याला जी ऊर्जा देतो, ते त्या पंपाचे कार्य. हे कार्य मोजायची जागा गच्चीवरची टाकी नव्हे, तर इंपेलरचा बाहेरचा काठ. टाकीत पडलेल्या पाण्यावरून कळते ते उपयुक्त कार्य. इंपेलरने केलेले कार्य त्याहून जास्त असते आणि मोटरने विजेतून ओढलेले त्याहूनही जास्त. या तीन आकड्यांची सरमिसळ झाली की पुढचे सगळे गणित बिघडते.

पुण्याला पंपाशिवाय पाणी मिळण्याचा काळही होता. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या वेळी कात्रजच्या तलावातून नळ काढून शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणले गेले, ते केवळ उताराच्या जोरावर. तिथे काम गुरुत्वाकर्षण करत होते. पाणी उलट दिशेने, खालून वर न्यायचे झाले की कोणाला तरी ते काम करावे लागते. सोसायट्यांमध्ये या यंत्राला सरसकट ‘मोटर’ म्हणतात. मोटर लावली, मोटर जळली, मोटर पाणी ओढत नाही. प्रत्यक्षात मोटर फक्त दांडा फिरवते; पाण्यावर काम होते ते इंपेलरमध्ये.

हेड म्हणजे काय

पंपाच्या पाटीवर हेड मीटरमध्ये लिहिलेले असते, म्हणून ती निव्वळ उंची आहे असा समज होतो. कार्याचे एकक ज्यूल, वजनाचे न्यूटन. एक न्यूटन वजनाच्या पाण्यावर किती ज्यूल काम झाले हे काढताना ज्यूलला न्यूटनने भागले की उरतो मीटर. म्हणजे हेड हे दर न्यूटनमागचे कार्यच आहे, ते उंचीच्या मापात बोलते इतकेच. ही एक गोष्ट पक्की झाली की पुढची सूत्रे पाठ करावी लागत नाहीत.

पंपाला प्रत्यक्ष पुरवावे लागणारे हेड, म्हणजे मॅनोमेट्रिक हेड, हे खालच्या पाण्यापासून वरच्या तोंडापर्यंतची उभी उंची, पाणी ओढणाऱ्या सक्शन आणि वर नेणाऱ्या डिलिव्हरी पाइपांमधले घर्षण आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या वेगाचे हेड यांची बेरीज असते. बेंड, व्हॉल्व्ह आणि गंजून अरुंद झालेला पाइप यांचा भार घर्षणाच्या खात्यात जातो.

ऑयलरचे समीकरण

इंपेलरच्या कार्याचे सूत्र लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकाच्या मध्यावर मांडलेल्या विचारावर उभे आहे. पाणी इंपेलरच्या मधल्या तोंडातून, म्हणजे ‘आय’मधून, आत येते आणि पात्यांमधून बाहेर फेकले जाते. आत येताना त्याला गरगर नसते असे धरले, तर त्याचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा संवेग, शून्य. बाहेर पडताना तो असतो. दर सेकंदाला जितका कोनीय संवेग वाढला तितका टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, दांड्याने दिला. टॉर्कला कोनीय वेगाने गुणले की शक्ती मिळते. त्याला दर सेकंदाला जाणाऱ्या पाण्याच्या वजनाने भागले की उरते ते असे :

दर न्यूटन पाण्यावरील कार्य = काठाचा वेग × बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या वेगाचा स्पर्शीय (काठाच्या दिशेचा) घटक ÷ गुरुत्वत्वरण

आत येतानाच पाणी फिरत असेल, तर आतल्या काठाचा तसाच गुणाकार यातून वजा करावा लागतो. इंपेलरच्या फिरण्याच्या दिशेने आधीच गरगरणाऱ्या पाण्यावर पंपाला कमी काम करता येते. मोठ्या पंपघरांच्या सम्पमध्ये, म्हणजे पंप जिथून पाणी घेतो त्या हौदात, भोवरे होऊ नयेत म्हणून आधी लहान प्रतिकृती करून तपासतात, त्यामागे हे एक कारण आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, म्हणजे १९१६ साली सुरू झालेल्या संस्थेत, अशा प्रतिकृतींवर अभ्यास होतो.

पाती आतून कशी वळत गेली आहेत याचा या सूत्राला पत्ताच नाही. त्याला फक्त सुरुवात आणि शेवट दिसतात. शेवटचा कोन मात्र फार महत्त्वाचा. पाती फिरण्याच्या उलट दिशेला झुकलेली असतात, त्यामुळे स्पर्शीय घटक काठाच्या वेगाहून कमी राहतो. सूत्रापुरते पाहिले तर सरळ पात्यांनी जास्त काम होते. पण पाण्याला जास्त वेग दिला की तो दाबात बदलताना जास्त वाया जातो. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात जॉन ॲपोल्डच्या वळलेल्या पात्यांच्या पंपाने ६८ टक्के कार्यक्षमता दाखवली. सरळ पात्यांनी तीच २४ टक्क्यांवर आली. जास्त काम करणारा पंप चांगला पंप असतोच असे नाही.

एक उदाहरण

सिंहगड रस्त्यावर पार्किंग अधिक चार मजल्यांची एखादी सोसायटी धरू. तळटाकीतल्या पाण्यापासून गच्चीवरच्या टाकीच्या तोंडापर्यंत उभी उंची २० मीटर, पाइपातले घर्षण आणि इतर मिळून ४ मीटर. मॅनोमेट्रिक हेड २४ मीटर. पाणी सेकंदाला ३ लिटर. इंपेलरचा व्यास १४० मिलिमीटर, काठाची रुंदी ५ मिलिमीटर, पात्याचा बाहेरचा कोन २५ अंश, पाती ६, मिनिटाला फेरे २९००.

काठाचा वेग म्हणजे परीघ गुणिले सेकंदाचे फेरे : सेकंदाला २१.२६ मीटर. पाणी बाहेर पडायची जागा परीघ गुणिले रुंदी, म्हणजे ०.००२२ चौरस मीटर. पात्यांची जाडी सोडून दिली आहे. ३ लिटरला तिने भागले की त्रिज्येच्या दिशेचा वेग १.३६ मीटर येतो. २५ अंशाचा टॅन्जंट ०.४६६. १.३६ ला त्याने भागले की २.९३ येतो; काठाच्या वेगातून तो वजा होऊन स्पर्शीय घटक १८.३३ राहतो. १८.३३ गुणिले २१.२६ भागिले ९.८१ म्हणजे ३९.७ मीटर.

पुस्तकातले उदाहरण बहुधा इथेच थांबते. २४ ला ३९.७ ने भागून ‘मॅनोमेट्रिक कार्यक्षमता ६० टक्के’ असे उत्तर लिहिले जाते. उत्तर चूक नाही, पण त्यावरून उरलेले ४० टक्के पंपात वाया गेले असे वाटते, आणि ते खरे नाही.

पाती मोजकीच असतात. दोन पात्यांमधल्या पाण्याला जडत्वामुळे इंपेलरसोबत पूर्ण फिरायचे नसते. ते आतल्या आत किंचित उलटे फिरते आणि पात्याच्या कोनापेक्षा मागे झुकून बाहेर पडते. याला स्लिप म्हणतात. झुरिकला शिकवणाऱ्या ऑरेल स्टोडोलाने तिचा अंदाज करायला सोपा नियम दिला : काठाचा वेग गुणिले पाय (π) गुणिले कोनाचा साइन, भागिले पात्यांची संख्या. आपल्या पंपात ही घट सेकंदाला ४.७० मीटर येते. स्पर्शीय घटक १३.६३ वर उतरतो आणि हेड २९.५ मीटरवर.

म्हणजे ३९.७ आणि २९.५ यांच्यातले १० मीटर कुठे वाया गेलेले नाहीत. ते काम इंपेलरने केलेच नाही आणि त्यासाठी दांड्याने शक्तीही दिली नाही. खरा तोटा २९.५ आणि २४ यांच्यातला, साडेपाच मीटरांचा. तो इंपेलर आणि केसिंग, म्हणजे पंपाचे बाहेरचे कवच, यांमधल्या घर्षणात आणि खळबळीत जातो. पाण्याच्या बाजूने पाहिले तर हा पंप ८१ टक्के कार्यक्षम आहे. स्लिपला तोट्यात टाकणारी मांडणी परीक्षेला सोयीची असेल, पण पंप सुधारायला बसलेल्या माणसाची ती दिशाभूल करते, कारण दुरुस्त करता येईल असे त्या १० मीटरांत काही नसते.

आता शक्ती. सेकंदाला ३ लिटर म्हणजे २९.४ न्यूटन. इंपेलरने दिलेली शक्ती २९.५ गुणिले २९.४, सुमारे ८७० वॅट. उपयुक्त २४ गुणिले २९.४, सुमारे ७०६ वॅट. केसिंगमधून मागे झिरपणारे पाणी, इंपेलरच्या पाठीवरचे घर्षण, बेअरिंग आणि ग्लँड (दांड्याभोवतीची गळती अडवणारा भाग) यांचे धरून एकूण कार्यक्षमता ६० टक्के मानली, तर दांड्यावर सुमारे ११८० वॅट लागतात. हॉर्सपॉवर ७४६ वॅटचा धरला की हे १.६ एचपी, म्हणून २ एचपीची मोटर. मोटरची कार्यक्षमता ७८ टक्के धरली तर विजेतून दीड किलोवॅट ओढले जातात. १० हजार लिटरची टाकी भरायला सुमारे ५६ मिनिटे आणि १.४ युनिट लागतात. ते पाणी २० मीटर वर चढल्याने त्यात साठली ती ऊर्जा ०.५५ युनिटच्या आत.

हवा धरलेला पंप

सूत्रात पाण्याची घनता कुठेच नाही. म्हणून तोच पंप तितक्याच वेगाने पाण्याला २४ मीटर हेड देईल, दुधालाही जवळपास तितकेच, आणि हवेलाही. फक्त हवेला मिळालेले २४ मीटर हे हवेचे मीटर. पुण्यातली हवा घनमीटरला साधारण १.१ किलो भरते, तेव्हा त्या २४ मीटरांचा दाब पाण्याच्या जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरांइतका. एवढ्याने पाणी सक्शन पाइपातून वर येत नाही. सक्शन पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह गळून पंपाने हवा धरली की मोटर फिरत राहते आणि टाकी कोरडी, त्याचे कारण हे. वरून पाणी ओतून पंप भरण्याला प्रायमिंग म्हणतात.

सक्शनच्या बाजूचा दुसरा अडसर पुण्याच्या उंचीचा. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याच्या १०.३ मीटरांइतका असतो. सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात तो ९.७ मीटरांच्या आसपास येतो. इंपेलरच्या कार्यात यामुळे फरक पडत नाही, पण पंप विहिरीच्या पाण्यापासून किती वर बसवता येईल हे ठरते. घर्षण आणि पाण्याची वाफ धरून सहा मीटरांच्या पलीकडे जाऊ नये.

वेग, व्यास आणि व्हॉल्व्ह

तोच पंप दुसऱ्या वेगाने चालवला तर पाणी वेगाच्या प्रमाणात, हेड वर्गाच्या आणि शक्ती घनाच्या प्रमाणात बदलते. फेरे निम्मे केले की शक्ती आठव्या हिश्शावर येते, पण हेडही चौथाईवर येते आणि गच्चीवर पाणी पोचतच नाही.

डिलिव्हरी व्हॉल्व्ह आवळला की मोटरवर ताण येतो असा समज आहे. या जातीच्या पंपात उलटे घडते : दर न्यूटनमागचे काम वाढते, पण न्यूटनच कमी जातात आणि एकूण शक्ती उतरते. म्हणून मोठे पंप व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करतात. मोटर जास्त तापायची शक्यता असते ती पाइप मध्येच फुटून पाणी मोकळे वाहू लागले की.

हेड कायमचेच जास्त होत असेल, तर व्हॉल्व्ह आवळून ठेवण्यापेक्षा इंपेलर लेथवर थोडा उतरवून घेतात. १४० मिलिमीटरचा १३३ केला तर हेड सुमारे १० टक्क्यांनी आणि शक्ती सुमारे १४ टक्क्यांनी उतरते.