टॉप-अप की मॉर्गेज लोन? दोन्हींत घरच तारण, तरी गल्लत नको

आमच्या वडोदऱ्यात ‘मॉर्गेज काढलं’ हे वाक्य दोन वेगळ्या गोष्टींसाठी सर्रास वापरलं जातं. मांजलपूरच्या फ्लॅटचे हप्ते चालू असताना त्याच बँकेकडून आणखी आठ लाख उचलणाराही मॉर्गेज काढतो, आणि दांडिया बाजारातल्या, एक पैसा कर्ज नसलेल्या वडिलोपार्जित घराचे कागद बँकेत ठेवणाराही मॉर्गेजच काढतो. तसं पाहिलं तर चूक नाही, दोन्हीकडे घर गहाण असतंच. पण पहिला आहे टॉप-अप आणि दुसरं मालमत्तेवरचं कर्ज, ज्याला बँकेतली मंडळी एलएपी (लोन अगेन्स्ट प्रॉपर्टी) म्हणतात. क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि दोन-तीन पर्सनल लोन एकदाची मोकळी करायला निघालेल्या माणसाने आधी विचारायचं ते हे, की आपण यातलं नेमकं काय मागतोय?

टॉप-अप चालू गृहकर्जाच्या पाठीवर बसतो. मूळ दस्तावेज बँकेकडे आहे, हप्ते कसे भरता हेही तिला ठाऊक आहे, त्यामुळे काम लवकर होतं आणि व्याज गृहकर्जाच्या आसपास किंवा थोडं वर राहतं. आपली बँक देत नसेल, तर सगळं कर्ज दुसरीकडे हलवून तिथे टॉप-अप घेता येतो. मात्र त्यात प्रोसेसिंग फी, वकील, मूल्यांकन हे सगळं नव्याने आलं.

एलएपीमध्ये मुळापासून सुरुवात. घराच्या किमतीच्या साधारण अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत रक्कम मिळते, व्याज गृहकर्जापेक्षा जास्त आणि मुदत सहसा कमी. जुन्या शहरातल्या मराठी कुटुंबांचं घोडं अडतं ते मात्र व्याजापाशी नव्हे, कागदापाशी. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव असतं. वारसनोंद करायला गेलं की काका आले, त्यांची मुलं आली आणि पुण्याला दिलेली आत्याही आली. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वडिलोपार्जित मालमत्तेतला वाटा मुलांइतकाच आहे. तिची सही नसेल तर मालकी तपासणारा वकिलाचा सर्च रिपोर्ट तिथेच थांबतो. शिवाय सही मागायची म्हणजे आपल्यावर किती कर्ज झालंय ते आत्याला सांगणं आलं. बऱ्याच जणांना कर्जापेक्षा हेच जड जातं. नवीन वस्तीतल्या फ्लॅटला हा त्रास नाही, तिथे बिल्डिंगला बीयू, म्हणजे इमारत वापरण्याची, परवानगी आहे ना, एवढं आधी बघावं.

आता खरा हिशोब. आठ लाखांची उधारी १६ टक्क्यांनी तीन वर्षांत फेडायची, तर हप्ता सुमारे २८,१०० रुपये आणि एकूण व्याज २ लाख १२ हजारांच्या घरात. तीच रक्कम ९.५ टक्क्यांच्या टॉप-अपने १५ वर्षांवर नेली की हप्ता ८,३५० वर येतो. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. पण व्याज होतं ७ लाखांवर! दर १६ वरून ९.५ टक्क्यांवर, आणि व्याज तिपटीहून जास्त. तेच ९.५ टक्क्यांचं कर्ज तीन वर्षांतच फेडलं, तर हप्ता २५,६०० च्या पुढे राहतो, पण व्याज सव्वा लाखाच्या आत आटोपतं. हप्ता किती उतरला एवढंच सांगून एजंट थांबतो, म्हणून मुदत आपणच लावून धरावी. जास्त मुदत घेऊन मध्येमध्ये रक्कम भरत जाणं हाही रस्ता आहे. व्यक्तीने घरगुती गरजेसाठी घेतलेल्या फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराच्या कर्जावर बँकेला मुदतपूर्व परतफेडीचा आकार लावता येत नाही. एलएपी धंद्याच्या नावाने काढलं असेल, तर मात्र करारातलं ते कलम वाचूनच सही करा.

कार्डाचं प्रकरण वेगळं आहे, हेही कबूल केलं पाहिजे. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे. दर महिन्याला नुसती किमान रक्कम भरत बसण्यापेक्षा कुठलंही तारणी कर्ज स्वस्तच.

मग लोक कचरतात कशाला? कारण कार्ड आणि पर्सनल लोन विनातारण असतं. ते थकलं तर फोन येतात, नोटीस येते, क्रेडिट स्कोअर ढासळतो, पण वसुलीसाठी सावकाराला कोर्टाची किंवा लवादाची पायरी चढावी लागते. त्या भांडणात घराचा थेट संबंध नसतो. टॉप-अप किंवा एलएपी घेतलं की तोच पैसा घरावर येऊन बसतो. ९० दिवस थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन बँक कोर्टात दावा न लावता ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. या बाबतीत दोन्ही कर्जं सारखीच. पगार डळमळीत असेल, तर मी सगळी उधारी घरावर आणणार नाही. महागडं कार्ड तेवढं आणीन आणि शेवटचे सात-आठ हप्ते उरलेलं पर्सनल लोन जिथे आहे तिथेच संपू देईन.

करसवलतीच्या आशेवरही राहू नका. गृहकर्जाच्या व्याजाची वजावट घर घेणं, बांधणं, दुरुस्त करणं यासाठी. टॉप-अप गृहकर्जाच्या खात्याशेजारी दिसतो म्हणून कार्ड फेडलेल्या पैशावर ती मिळत नाही.

पैसे आले की जुनी कार्डं भरून बंद करा आणि ‘नो ड्यूज’चं पत्र हातात घ्या. ती चालू ठेवली, तर वर्षभरात घरावर टॉप-अप आणि कार्डावर नवी थकबाकी, असं दोन्ही होऊन बसतं. आणि हे कर्ज पूर्ण फिटेल तेव्हा दस्तावेजासाठी खेटे घालत बसू नका. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात. तिच्यामुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये तिने तुम्हाला द्यायचे.